माइक खाली ठेवल्यावर: सीमाभागातल्या मराठी मंडळीने सुवार्ताकार्य नव्याने कसं उभं करावं

बावीस-तेवीस वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. खानापूर तालुक्यातल्या एका आठवडी बाजारात आम्ही चार पोरं येशूची सुवार्ता सांगायला हातभोंगा घेऊन उभे राहिलो. एक बोलणार, एक गाणार, दोघं पत्रिका वाटणार. दहा मिनिटं झाली असतील. शेजारी सुक्या मिरच्यांचं पोतं उघडून बसलेली म्हातारी म्हणाली, "बाळा, जरा हळू बोल की. गिऱ्हाईक काय भाव मागतंय ते मला ऐकू येईना." आम्ही आवाज वाढवला. तिनं पोतं उचललं आणि लांब जाऊन बसली. रविवारी भक्तीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, मी उभा राहून साक्ष दिली की प्रभूच्या कामाला विरोध झाला. विरोध कसला डोंबलाचा! बाईच्या धंद्याची वेळ होती.

त्यानंतर बरीच वर्षं पंचमंडळात, म्हणजे चर्चच्या कारभारी समितीत, काढली. दरवर्षी सुवार्ता सप्ताह ठरायचा. मंडप, बाहेरगावचा वक्ता, रात्रीचं जेवण, भिंतींवर पत्रकं. खुर्च्यांवर मात्र आपलीच माणसं, तीही दुसऱ्या मंडळीतून, म्हणजे दुसऱ्या चर्चमधून, उसनी आणलेली. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावात आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काम मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं. म्हणजे काय बोलायचं ते आपल्याला दोनशे वर्षांत पाठ झालंय. समोरचा काय विचारतोय, हे मात्र आपण कधी लिहून ठेवलं नाही. म्हणून खाली जे सांगतोय त्याला लागणारी मुख्य वस्तू एक दोनशे पानी वही आहे. मंडपाचे पैसे वाचतील ते छपराच्या दुरुस्तीला वापरा.

आधी जुनं रजिस्टर उघडा

काम जूनमध्ये सुरू करा. शाळा उघडलेल्या असतात, सुट्टीला गेलेली घरं परत आलेली असतात. पाळकसाहेबांकडून, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडून, बाप्तिस्म्याचं रजिस्टर मागून घ्या आणि मागच्या दहा वर्षांची नावं तीन भागांत लिहा: आपल्याच घरांतली लेकरं, दुसऱ्या मंडळीतून बदलून आलेली कुटुंबं, आणि मोठेपणी बाहेरून विश्वासात आलेली माणसं. तिसऱ्या भागातल्या प्रत्येकाच्या घरी जा आणि एकच विचारा: "तुम्ही पहिल्यांदा देवळात आलात ते कोणामुळे?" देऊळ म्हणजे आपलं चर्च.

आमच्याकडे तिसऱ्या भागात नावं निघाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सप्ताहामुळे आलेला त्यात एकही नव्हता. एकीला फौंड्रीत नवऱ्याबरोबर काम करणाऱ्याच्या बायकोनं आणलं होतं. एकाला सिव्हिल हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं. त्या म्हाताऱ्यानं त्याला काही शिकवलं नव्हतं, रोज रात्री मोसंबीच्या चार फोडी दिल्या होत्या आणि झोपताना मोठ्यानं प्रार्थना केली होती. हे दोन-तीन पानांत लिहा आणि पंचमंडळाच्या बैठकीत वाचून दाखवा. पुढच्या सप्ताहाचं बजेट मांडणारा माणूस आपोआप गप्प होतो.

पाच-सात माणसं, पाळकसाहेब अध्यक्ष नकोत

पाळकांना कमी लेखायचं म्हणून हे सांगत नाही. मेथडिस्ट मंडळ्यांत वार्षिक कॉन्फरन्सला नेमणुका होतात आणि पाळकसाहेब बदलून जातात. त्यांच्या खांद्यावर उभं केलेलं काम त्यांच्या सामानाबरोबर ट्रकमध्ये जातं. गटात महिला मंडळातल्या दोघी घ्या. त्या कोणाच्याही स्वयंपाकघरात जाऊ शकतात, पंच उंबऱ्याबाहेर अडकतो. उद्यमबागेतल्या कारखान्यात शिफ्ट करणारा एखादा तरुण घ्या, कन्नड घरच्यासारखं बोलणारा एकजण घ्या. आणि नव्याने विश्वासात आलेलं एक माणूस हवंच. आपल्याला वास येत नाही असं कोणतं कुजकं आपल्या घरात आहे, हे तोच सांगेल.

कारण कुजकं असतं. पंचांच्या निवडणुकीत फुटलेल्या दोन पार्ट्या, जागेवरून चाललेला कोर्टातला दावा, कोण कुठल्या गल्लीतनं आलं यावरून अजून ठरणारी सोयरीक. गावाला हे सगळं ठाऊक असतं, चहाच्या गाड्यावर त्याची चर्चा असते. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, एका रांगेत गुडघे टेकायचे आणि बाहेर येऊन एकमेकांना सलाम करायचा नाही, हे बघणाऱ्या शेजाऱ्याला तुम्ही क्षमेची गोष्ट काय सांगणार? सगळी भांडणं मिटेपर्यंत थांबा असं म्हणत नाही, तसं थांबलो तर येशू परत येईपर्यंत बसावं लागेल. पण गटातल्या माणसांनी तरी आपापला एक अबोला या महिन्यात सोडावा. ही अट लिखित ठेवा.

कुठली भाषा, कुठली लिपी

सीमाभागात सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपल्याकडे घरात मराठी, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी, बाजारात दोन्ही आणि वर हिंदी, अशी खिचडी असते. म्हातारी माणसं 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गीतं डोळे मिटून गातात. त्यांची नातवंडं तेच गीत तोंडपाठ गातात, पण पुस्तक हातात दिलं की अडखळतात, कारण देवनागरी त्यांना वर्गात फारशी भेटतच नाही. आम्ही एका रविवारी शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या बायबलच्या वर्गात, एक प्रयोग केला. मार्काच्या शुभवर्तमानातल्या त्याच चार ओळी प्रत्येक पोरानं मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत वाचायच्या. आठवीतला एक मुलगा मराठीत 'पक्षाघाती' शब्दापाशी येऊन उभा राहिला तो हलेचना. कन्नडमध्ये सरसर वाचून गेला. मग मी विचारलं, "समजलं काय?" तर म्हणाला, "समजलं, पण सांगणार मराठीत." कानाची भाषा एक, डोळ्याची दुसरी.

हा प्रयोग तुमच्याकडे करा आणि मग ठरवा. आमच्याकडे तीन बदल झाले. गीतांचा कागद दोन बाजूंनी छापला: एका बाजूला देवनागरी, मागे तेच मराठी शब्द कन्नड लिपीत. छापायला फारसा खर्च आला नाही, पण एका पंचांनी "उद्या मराठीच घालवाल" म्हणून भांडण काढलं. मराठी घालवायची नव्हती, पोरांच्या तोंडात ठेवायची होती. ते त्यांना पटायला नाताळ यावा लागला. दुसरा बदल, वाचन दोन भाषांत, उपदेश मात्र मराठीतच. तिसरा, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मोबाइलवर नव्या कराराचं ध्वनिमुद्रण टाकून द्यायचं. भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या बायका आम्हा पंचांपेक्षा जास्त अध्याय पुढे गेल्या.

आणि एक सावधगिरी. बेळगाव कर्नाटकात की महाराष्ट्रात, हा १९५६ पासूनचा वाद प्रत्येक घरात आहे, मंडळीतही आहे. १ नोव्हेंबरला एका चौकात राज्योत्सव आणि दुसऱ्यात काळा दिवस असतो. त्या आठवड्यात बाहेरचा कुठलाही कार्यक्रम ठेवू नका आणि मंडळीच्या नावानं कुठल्याही बाजूचा फलक धरू नका. व्यक्ती म्हणून कोणी मोर्चात गेलं तर तो त्याचा प्रश्न.

'तारण' म्हणजे सोनं गहाण

गटाच्या तिसऱ्या-चौथ्या बैठकीत हा खेळ खेळा. प्रत्येकानं आपली साक्ष पाच मिनिटांत सांगायची. बाकीच्यांनी फक्त देवळातच वापरले जाणारे शब्द ऐकू आले की टेबलावर टकटक करायची. पहिल्या दिवशी नुसता ताशा वाजतो.

शेजाऱ्याच्या कानानं ऐकून बघा. 'तारण' म्हटलं की त्याला सोसायटीत ठेवलेलं बायकोचं गंठण आठवतं. 'साक्ष' म्हणजे कोर्टाची पायरी. 'मंडळी' म्हणजे त्याची बायको. 'कोकऱ्याच्या रक्तानं धुतला' हे ज्यानं जत्रेत बकरं पडताना पाहिलंय त्याच्या डोळ्यांपुढे भलतंच उभं करतं. हे शब्द टाकून द्या असं नाही, ते आपले आहेत आणि आत त्यांना वजन आहे. पण बाहेर बोलताना त्यांची फोड करता आली पाहिजे. तारणाचं तर उलट सोनंच करता येतं: "गहाण पडलेली वस्तू दुसऱ्यानं पैसे भरून सोडवून आणली तर कसं वाटेल?" एका बाईंनी हे इतकं सहज सांगितलं की मला माझ्या वीस वर्षांच्या उपदेशांची लाज वाटली.

सुरांचंही तसंच. कीबोर्ड आणि ड्रमसेटवर हिंदी कोरस गाणं सोपं आहे, पण इथल्या गावागावांत भजनी मंडळं आहेत, आषाढीला पंढरपूरला दिंड्या जातात, माणसाचा कान अभंगावर घडलाय. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी गोव्यात 'ख्रिस्तपुराण' लिहिलं ते ओवीत, १६१६ साली ते छापलं गेलं. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाला टाळाच्या ठेक्यावर गायला लावलं. शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा देशी वळणाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला. ही आपलीच मिळकत आहे, उसनं काही नाही. पेटी, टाळ आणि ढोलकी घेऊन महिन्यातून एका घरी भजन ठेवा. मात्र वारकऱ्याचं सोंग करू नका. गंध-बुक्का लावून, नाव लपवून, 'शेवटी येशू निघाला' असली युक्ती करणारे पाहिलेत. फसवलं गेल्याची भावना माणूस विसरत नाही.

प्रश्नांची वही

आता मुख्य काम. गटातल्या प्रत्येकानं तीन घरं निवडायची: आधीच ओळखीची, जिथे तुम्ही नुसते गेलात तरी कोणी "काय काम काढलंत?" असं विचारणार नाही. अनोळखी गल्लीत घरोघर पत्रिका टाकत फिरायचं नाही. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू सत्तर जणांना पाठवताना सांगतो, की एका घरात राहा, ते वाढतील ते खा, या घरातून त्या घरात फिरत बसू नका. तिथे विषय मुक्कामाचा आहे हे मला कळतं, तरी सल्ला आपल्यालाही लागू पडतो.

पंधरा दिवसांतून एकदा जा. पहिले तीन महिने नियम असा, की विचारल्याशिवाय धर्मावर बोलायचं नाही. चहा घ्यायचा, पावसाचं, भाताच्या रोपांचं, पोराच्या नोकरीचं ऐकायचं. घरी आल्यावर त्यांनी आपल्याबद्दल किंवा देवाबद्दल काही विचारलं असेल तर ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. घराचं नाव लिहायचं नाही.

आमच्या पहिल्या वहीतले काही प्रश्न असे: "तुमच्यात मेल्यावर बारावं घालत नाहीत, मग माणूस अडकून राहत नाही काय?" "कुळदैवत सोडलं तर कोप होतो, तुम्हाला कधी झाला नाही?" "देवळात गेल्यावर दारू सुटते म्हणतात, खरं काय?" "तुमच्या पोरी आमच्यात देता काय?" "मरीआईला तुम्ही पण मानता म्हणे?" देव आहे की नाही, हा प्रश्न एकानंही विचारला नव्हता. आमचे निम्मे उपदेश त्याच न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत होते.

तीन महिन्यांनी पाळकसाहेबांना बोलवा आणि वही पुढे ठेवा. दर बैठकीला एकच प्रश्न घ्यायचा. शास्त्रात काय आहे ते बघायचं आणि एकानं शेजारी व्हायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. जिथे उत्तर येत नाही तिथे "मला माहीत नाही, विचारून सांगतो" असं म्हणायची सवय लावा आणि पुढच्या भेटीत खरंच सांगा. १ पेत्र ३:१५ मध्ये आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगितलंय, तेही सौम्यपणे. विचारणाराच नसेल तर उत्तर कोणाला देणार?

दारूचा प्रश्न आला की अंगात येऊ देऊ नका. प्रार्थना जरूर करा, पण डॉक्टरची गोळी बंद करायला कधीही सांगू नका. एका गावात अशा सल्ल्यानं साखरेचा रोगी दवाखान्यात पोहोचला. त्या घराचं दार आम्हा सगळ्यांना बंद झालं, ते योग्यच झालं.

प्रसादाचा प्रश्नही येणारच. गणपतीत शेजारीण मोदक घेऊन आली तर काय करायचं, यावर आमच्या गटात दोन बैठका गेल्या, मूर्तीला वाहिलेल्या अन्नावरचे १ करिंथ ८ ते १० अध्याय वाचून झालं तरी एकमत नाही. प्रत्येकानं आपल्या विवेकाला धरून वागावं, एवढंच ठरलं. पण नाही घ्यायचं तर दारात हात मागे घेऊन तोंड वाकडं करायचं नाही. बसायला सांगायचं, चहा करायचा आणि आपलं कारण स्वच्छ सांगायचं. ताट रिकामं परत करायचं नाही, ही आपल्या आज्यांची रीत. निदान साखर तरी घालून द्या.

लग्न, मयत आणि नाताळ

वर्षभरात सर्वांत जास्त बिगरख्रिस्ती माणसं देवळात कधी येतात? सुवार्ता सभेला नक्कीच नाही. मयतीला आणि लग्नाला. आणि नेमकी तिथेच आपली तयारी शून्य.

आलेला माणूस दारात चप्पल काढू की नको म्हणून उभा असतो. कधी उठायचं, कधी बसायचं ते कळत नाही. गाण्याचं पुस्तक कोणी देत नाही. मग पाळकसाहेब शवपेटीकडे बोट दाखवून नरकावर बोलतात, शेजारची आजी पदर तोंडाला लावून बाहेर जाते. बदल छोटे आहेत. दारात दोन माणसं उभी करा. अर्ध्या पानाचा कागद द्या: आता काय वाचणार, काय गाणार, आम्ही माती का देतो आणि पुन्हा उठण्याची आशा का धरतो. उपदेश दहा मिनिटं, आणि त्यात वहीतला बाराव्याचा प्रश्न नाव न घेता हळूच उत्तरून टाका. मयतीनंतर आठव्या दिवशी त्या घरी जाताना शेजाऱ्यांच्याही घरात डोकावा. रडणारे तेही असतात.

नाताळात कॅरलच्या गटाला रात्री अकरा वाजता ढोल बडवत फिरवू नका. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, हा देशभरचा नियम आहे, आणि झोपलेल्या तान्ह्या पोराच्या आईला तो नियम तुमच्यापेक्षा चांगला कळतो. त्यापेक्षा करंज्यांचं ताट घेऊन दिवसा जा.

कायद्याचं पान

हे सगळ्यांनी एकत्र बसून एकदा वाचायचं, शक्यतो ओळखीच्या वकिलाबरोबर. राज्यघटनेचं कलम २५ धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं, की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते आपल्याच बेळगावात, सुवर्ण विधानसौधात, डिसेंबर २०२१ मध्ये. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. मंत्रिमंडळाचा निर्णय आणि विधिमंडळानं प्रत्यक्ष रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा "आता कायदा नाही" असं ऐकीव बोलू नका, वकिलाकडून आजची स्थिती लिहून घ्या.

त्या कायद्यातली 'आमिषा'ची व्याख्या फार रुंद आहे. पैसा, भेटवस्तू, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेत फुकट शिक्षण, लग्नाचं वचन, चांगल्या राहणीमानाची लालूच, देवाच्या कोपाची भीती, सगळं त्यात येतं. धर्म बदलणाऱ्यानं ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे ठरावीक अर्ज द्यायचा आणि नंतरही ३० दिवसांत कळवायचं. शिक्षा ३ ते ५ वर्षांची. स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर १० वर्षांपर्यंत. आरोप खोटा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर.

म्हणून आमचे नियम असे. धान्य, वह्या, औषधपाणी द्यायचं तर मंडळीच्या ठरावानं, सगळ्या जातीधर्मांच्या घरांना, आणि त्या जागी प्रार्थना किंवा पत्रिका नाही. अठराच्या आतल्या मुलांशी आईबापांच्या देखत बोलायचं. दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवायची नाहीत, आणि हे कायद्यासाठी नाही, साध्या माणुसकीसाठी. सीमेपलीकडे चंदगड, गडहिंग्लजला पाहुण्यांकडे काम असेल तर ते राज्य वेगळं, तिथलं वेगळं विचारा.

अनुसूचित जातीतलं कोणी बाप्तिस्मा मागत असेल तर त्याला आधी समोर बसवून सांगा: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. पोराची फी, नोकरी, सगळ्यावर परिणाम होतो. "कागदावर राहू दे तसंच, मनानं ये" हा सल्ला मी स्वतः एकेकाळी दिलाय. आज देणार नाही. खोट्यावर सुरुवात झालेल्या माणसाला आयुष्यभर मान खाली घालून देवळात बसावं लागतं. निर्णय त्याचा, वेळही त्याची.

कोणी खरंच आलं तर

इथे फार बोलत नाही, कारण माणूस येईल तेव्हा सुचतं. एक कुटुंब ठरवून ठेवा, जे त्याला रविवारी शेजारी बसवेल आणि भक्तीनंतर घरी जेवायला नेईल. आठवड्यातून एक संध्याकाळ मार्काचं शुभवर्तमान सुरुवातीपासून वाचा, त्याच्या लिपीत. बाप्तिस्म्याची घाई तुम्हाला असेल, त्याला नसावी. त्याच्या आईला तोडू नका. सणाला तो घरी गेला तर हजेरी घेऊ नका.

वर्ष कसं लावावं

जून-जुलैत रजिस्टर, गट आणि भाषेची तपासणी. खानापुराकडे रोपलावणीत घरात कोणी सापडत नाही, तेव्हा बैठका तेवढ्या करा. ऑगस्टपासून भेटी. नोव्हेंबरात भातकापणी, ऊसपट्ट्यात हंगाम सुरू, तेव्हा संध्याकाळी उशिरा जावं लागतं. डिसेंबरात पहिल्यांदा वहीतल्या प्रश्नांवर भक्ती ठेवा आणि शेजाऱ्यांना ओळखीनं बोलवा, पत्रकानं नाही. उन्हाळ्यात ज्या गावात लक्ष्मीची जत्रा आहे तिथे वर्षभर त्याच नादात असतात, त्या गावाला यंदा मोकळं सोडा. ईस्टरनंतर गटानं एक रात्र बसून आकडे काढावेत: किती घरांत चहा झाला, किती प्रश्न आले, किती वेळा "माहीत नाही" म्हणालो. सभेत 'विश्वास ठेवतो' म्हणून हात वर करणारे किती, हा रकाना वहीत आखूच नका.

मिरचीवाली म्हातारी पुन्हा भेटली नाही. तिच्या जागी आता तिची सून बसते. गेल्या ऑगस्टपासून आमच्या महिला मंडळातल्या एक बाई दर बाजारी तिच्याकडूनच मिरची घेतात आणि दोन मिनिटं बसतात. वहीत त्या खात्यावर अजून एकच ओळ आहे: "तुम्ही पण मिरची घालता काय प्रसादाच्या जेवणात?"